विश्वास आहे की नाही ठाऊक नाही, पण मोडवतही नाही : अनुभव धागा

तिवंध्याची लेक

सुमारे दीड महिन्यापूर्वी माझे वडील वारले. ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि देवाधर्माच्या बाबतीत अगदी कोरडे होते. 'माझ्यामागे काही करू नका, उगीच कुणाला दक्षिणा देऊ नका,' असे त्यांनी आम्हा दोघा भावंडांना अनेकदा बजावले होते. तरीही तिसऱ्या दिवशी अस्थींचे गाठोडे घेऊन आम्ही रामकुंडावरच गेलो. दुसरीकडे कुठे जायचे असते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. जुन्या नाशकातल्या तिवंध्यात बालपण गेलेल्या माणसाचे पाय घाटाकडेच वळतात.

विधी आटोपल्यावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी मूळ गाव आणि आडनाव विचारले आणि आतून लाल कापडात बांधलेली नामावळीची वही आणली. नाशिकच्या उपाध्यायांकडे अशा वह्या असतात हे मी लहानपणापासून ऐकून होते, पण आपल्या घराण्याचे पान कधी पाहिले नव्हते. पणजोबांची नोंद मोडीत होती. ती त्यांनीच वाचून दाखवली. त्याखाली शके १८९९ च्या आषाढातली, म्हणजे १९७७ सालची नोंद होती. आजोबांच्या अस्थी घेऊन बाबा तेव्हा एकटेच आले असावेत, कारण ती नोंद त्यांच्याच हातची होती. बाबा आधी ओळीतली सगळी अक्षरे सुटी लिहीत आणि मग पट्टी लावल्यासारखी एकच लांब शिरोरेघ ओढत. ती रेघ पाहिली आणि ओळ वाचायच्या आधीच मला रडू कोसळले.

नंतर ओळ वाचली. आजीचे नाव, काकांचे नाव, आईचे नाव आणि शेवटी 'कन्या चि. उषा, वय २'. उषा नावाचे आमच्या घरात कुणीही नाही. मी १९८० ची आणि भाऊ १९८३ चा. भावाच्या मते ती काकांची मुलगी असावी, परंतु काकांचे लग्नच १९८१ मध्ये झाले. उपाध्याय एवढेच म्हणाले, "मुलींची नावं जुन्या पानांत फारशी सापडत नाहीत. यांनी मुद्दाम लिहिलेलं दिसतंय." मी फोनवर त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि या दिवसांत तिला हे विचारण्याचा धीर मला झालेला नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर 'हे सगळे थोतांड' म्हटले, त्याने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असताना त्या वहीत इतक्या निगुतीने ओळ लिहिली, याचा विचार काही केल्या मनातून जात नाही. म्हणून हा धागा काढला. घरातून चालत आलेली, आपला तिच्यावर विश्वास आहे की नाही हे आपल्यालाही सांगता येणार नाही, तरीही मोडवत नाही अशी एखादी रीत तुमच्याकडे असेल तर ती लिहा. माझीच एक सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई आजोबांचा करा आणि आजीची केळी अशी गेलेल्यांच्या नावाची मातीची मडकी पुजते, आणि त्यांच्या शेजारी मुठीएवढे एक बोळकेही मांडते. ते कशाला, असे विचारले की 'कुंभाराने वर दिलं' हे तिचे ठरलेले उत्तर असते. लग्नानंतर सासरी मीही एक बोळके जास्तीचे आणू लागले. का, ते कुणी विचारले तर मला सांगता येत नाही.

अर्धा नाशिककर

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. रामकुंडाचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. आई २०१६ च्या एप्रिलमध्ये गेली. त्या उन्हाळ्यात धरणात पाणी नव्हते, गोदावरीचे पात्र उघडे पडले होते आणि रामकुंड कोरडे झाले होते, हे नाशिककरांना आठवत असेल. आम्ही ठाण्याहून अस्थी घेऊन पहाटे पोहोचलो, तेव्हा कुंडात टँकरने पाणी सोडण्याचे काम चालू होते. पायऱ्यांवर मुंडन केलेली माणसे ओळीने बसून टँकर रिकामा होण्याची वाट पाहत होती. माझे मामा तहसील कचेरीत आयुष्य काढलेले गृहस्थ. ते सरळ टँकरच्या चालकाकडे गेले आणि पाणी कुठून भरले, याची त्यांनी चौकशी केली. तो म्हणाला, "बोअरचं आहे, पण गोडं आहे." मामा परत येऊन मला तेवढेच म्हणाले, "गोडं आहे म्हणे." आणि आम्ही दोघेही, खांद्यावर पंचा आणि हातात आईच्या अस्थी असताना, हसू दाबत उभे राहिलो. आईला हा प्रसंग सांगता आला असता तर तिने तो सगळ्या शेजारणींना रंगवून सांगितला असता.

त्या पाण्यात मी अस्थी सोडल्या. ती गोदावरी होती की नव्हती हा प्रश्न त्या क्षणी मनात आला नाही, नंतर मात्र पुष्कळदा आला. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याच नदीला असा पूर आला की घाटावरची देवळे पाण्यात गेली. बातम्यांत ती दृश्ये पाहताना मला विलक्षण हायसे वाटले, आणि ते का वाटले हे मी आजवर पत्नीलाही नीट समजावून देऊ शकलेलो नाही.

सराफ बाजार

पुराचे नाव निघाले म्हणून दोन ओळी लिहितो. आमच्या आजोबांचा घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर विश्वास होता, पण त्याला श्रद्धा म्हणावे की अनुभव म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. मारुतीच्या छातीला पाणी लागले की दुकानाचे तळघर रिकामे करायचे, हा त्यांचा नियम होता. २००८ च्या सप्टेंबरात धरणातून किती क्युसेक विसर्ग होणार आहे हे आम्ही दूरचित्रवाणीवर पाहत बसलो आणि वेळ आहे असा हिशेब केला. आजोबा गॅलरीत बसून मारुती कुठवर बुडाला एवढेच विचारत होते. संध्याकाळपर्यंत तळघरातल्या साठ वर्षांच्या चोपड्यांचा लगदा झाला. माल वाचला. चोपड्या गेल्या म्हणून आजोबा आठवडाभर जेवले नाहीत. गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्यांची लग्ने त्यांत लिहिलेली होती. आपल्या उपाध्यायांनी ती वही एवढे पूर येऊनही कोरडी ठेवली, याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा.

निफाडचा बागायतदार

आमच्याकडे द्राक्षबागेत ऑक्टोबरातल्या गोड छाटणीच्या दिवशी पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी नारळ फोडतात, कात्र्यांना हळदकुंकू लावतात आणि मगच छाटणी सुरू होते. वडिलांच्या हातून ही रीत माझ्याकडे आली. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा माझे साडेतीन एकर काढणीला आले होते, साखर भरली होती आणि व्यापाऱ्याशी सौदा ठरून दोन दिवस झाले होते. गारा पडल्या त्या जेमतेम वीस मिनिटे. थांबल्यावर बागेत गेलो तर पायाखाली मण्यांचा सडा होता आणि चालताना प्रत्येक पावलाला ते फुटत होते. तिसऱ्या दिवसापासून बागेला आंबूस वास सुटला. बाग घरालगत असल्यामुळे तो वास जेवणाच्या ताटापर्यंत येई. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्या ऑक्टोबरात मी नारळ आणला नाही. वडिलांनी विचारले तेव्हा त्यांना फार वाईट बोललो. पुढची तीन वर्षे बागेत पूजा झाली नाही, निदान माझी तशी समजूत होती. २०१७ मध्ये ठिबकची नळी तपासताना पहिल्या झाडाच्या बुंध्याशी करवंटीचे तुकडे सापडले, काही जुने आणि काही अगदी ताजे. छाटणीची टोळी दरवर्षी सुरगाण्याकडून येते. त्या टोळीतल्या मुकादमाची बायको स्वतःच्या पैशाने नारळ आणून, मी चहा आणायला घरात गेलो की, तो फोडत होती. मी विचारले तेव्हा ती अजिबात ओशाळली नाही. म्हणाली, "तुमचा राग तुमच्यापाशी, भाऊ. कात्री आमच्या हातात असती." मी नारळांचे पैसे देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत. जाताना पाच किलो बेदाणा मात्र मागून नेला, आणि तोही निवडून.

त्यानंतर नारळ मीच आणतो. तो फोडते तीच. वडील लांबून पाहत असतात आणि त्याविषयी एक शब्दही काढत नाहीत, आणि हेच मला जास्त लागते.

रोखठोक

सर्वांच्या भावनांचा आदर राखून लिहितो. नदीच्या पात्रात काँक्रीट ओतायचे, तिच्यात शहराचे सांडपाणी सोडायचे आणि मग त्याच पाण्यात अस्थी विरघळतात म्हणून हात जोडायचे, हा प्रकार मला समजत नाही. नामावळीच्या वह्यांचे ऐतिहासिक मोल मला मान्य आहे, परंतु वहीचे मोल आणि विधीचे मोल यांची गल्लत करू नये. ताईंचे वडील विधीला थोतांड म्हणत आणि तरीही त्यांनी वहीत नोंद केली, यात मला कुठलाही विरोधाभास दिसत नाही. ते नोंद करायला गेले होते.

सराफ बाजार

रोखठोक साहेब, तिन्हीसांजेला आपण नखे कापता का, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.

रोखठोक

तिन्हीसांजेला आमच्या घरात नेलकटर सापडत नाही. आई लपवून ठेवते.

चौक मंडईतली

आमच्या अम्मी लिहिलेला कागद जमिनीवर पडू देत नसत. तो उर्दू असो, मराठी असो, किराणा दुकानाची पावती असो किंवा वर्तमानपत्राचा तुकडा असो, त्या वाकून उचलत, पुसत आणि उंच जागी ठेवत. कागदावर अल्लाचे नाव असू शकते, आणि आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते नसेल असे थोडेच आहे, असे त्या म्हणत. त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती, त्यामुळे सगळ्या लिप्या त्यांच्यासाठी सारख्याच पवित्र होत्या. मी महाविद्यालयात शिकवते, रोज शेकडो कागद हाताळते, तरीही वर्गात जमिनीवर प्रश्नपत्रिका पडलेली दिसली की मी वाकतेच. मुले हसतात. ताई, आपण त्या शिरोरेघेविषयी लिहिलेले वाचून अम्मींची आठवण झाली.

अर्धा नाशिककर

थोडे विषयांतर होते आहे, क्षमस्व. तिवंध्याची लेक हे नाव वाचल्यापासून विचारायचे होते, आपण रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारली आहे का? आम्ही सुट्टीत आजोळी यायचो, पण रंगपंचमीला शाळा असे, त्यामुळे माझी ती हौस राहून गेली.

तिवंध्याची लेक

आमच्या वेळी मुलींनी उडी मारायची पद्धत नव्हती, किंवा निदान आमच्या घरी परवानगी नव्हती. भावाने मात्र मारली आहे, आणि बाबांनीही तरुणपणी मारलेली होती. वर्षभर आपण ज्या जमिनीवरून दूध आणायला जातो, त्याच जमिनीखाली दगडी हौद आहे आणि रंगपंचमीच्या आधी तो उकरून उघडतात, याचे लहानपणी मला फार भय वाटे. इतर दिवशीसुद्धा मी तेवढी जागा टाळून कडेने चालत असे. आजही माहेरी गेले की पाय आपोआप कडेला जातात. आता हीसुद्धा रीतच म्हणायची का?

पूर्व दरवाजा

मी फार दिवस हे लिहावे की नाही, याचा विचार करत होतो. धाग्याचा सूर चांगला आहे म्हणून लिहितो.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या हाकेवर जी माणसे नाशिकला आली, त्यांत दिंडोरीकडून चालत आलेले माझे आजोबा होते. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. दरवाजे बंद करण्यात आले आणि हे लोक दरवाजांसमोर बसून राहिले. ही गोष्ट पाच वर्षे चालली. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ नंतर आमचे घर बौद्ध झाले. मंदिर आमच्यासाठी तेव्हाच संपले, असे कुणालाही वाटेल.

परंतु दरवर्षी २ मार्चला माझे वडील धुतलेला सदरा घालून पहिल्या गाडीने नाशिकला जात. पूर्वेच्या दरवाजासमोर पंधरा-वीस मिनिटे नुसते उभे राहत, शेजारच्या टपरीवर चहा घेत आणि परत येत. आत ते कधीही गेले नाहीत. तोवर आत जायला कुणाची मनाई राहिलेली नव्हती, म्हणून मी लहानपणी त्यांना विचारले होते की आता का जात नाही. त्यांनी दिलेले उत्तर असे होते : "आत जायचं होतं त्यांना. मला ते जिथं बसले होते तिथं उभं राहायचंय." ते देव मानत नसत, जयंतीच्या मिरवणुकीतल्या गोंगाटावरही टीका करत, आणि तरीही हा एक दिवस त्यांनी कधी चुकवला नाही. २०११ मध्ये ते गेले. तेव्हापासून मी जातो.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी सोबत होती, तेव्हा ती दहा वर्षांची होती. आत काय आहे, असे तिने विचारले. तिला अडवावे की सोडावे हे मला क्षणभर सुचले नाही, कारण अडवले असते तर त्या दरवाजात मीच उभा राहिलो असतो. 'तुला पाहायचे असेल तर पाहून ये,' असे म्हणून मी बाहेर थांबलो. पाच-सात मिनिटांनी ती आली आणि चपला घालता घालता म्हणाली, "आत फरशी खूप गार आहे." याहून अधिक ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. मग आम्ही चहा घेतला.

निफाडचा बागायतदार

दादा, दोनदा वाचले. पुढच्या २ मार्चला मी भाजी मार्केटला येणार असेन तर त्या टपरीवर येतो. चहा माझ्याकडून.

पूर्व दरवाजा

अवश्य यावे. टपरी बदलली आहे, चहा पूर्वीइतकाच गोड असतो.

गडावरची वाट

आमचे गाव चांदवडजवळ आहे आणि आई चैत्रात सप्तशृंगी गडावर चालत जात असे. जवळजवळ साठ वर्षे तिने देवीचे शेंदराने माखलेले, मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचे रूप पाहिले होते. अठरा हातांची ती उंच मूर्ती कड्यातच कोरलेली आहे आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या शेंदराचे थर चढत गेले होते. २०२२ मध्ये ते थर शास्त्रशुद्ध रीतीने काढण्यात आले आणि नवरात्रात देवीचे मूळ रूप भाविकांसमोर आले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सगळ्यांनी हात जोडले. मी आईला मुद्दाम रोपवेने वर नेले, कारण तिचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत.

आई गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले होते की ती हरखून जाईल. ती माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "छान आहे गं. पण ही मला ओळखते का?"

मी विज्ञान शिकलेली आहे. शेंदराचे वजन मूर्तीच्या दगडाला घातक असते, संवर्धन आवश्यक होते, आणि जे दिसते आहे तेच मूळ आहे, हे सगळे मी तिला खाली येईपर्यंत समजावले. तिने ते ऐकून घेतले, कारण माझे बोलणे ऐकून घेण्याची तिला सवय आहे. घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातली जुनी तसबीर पुसली आणि तिच्याजवळ बसून, गडावर जे मागायचे राहिले होते ते मागितले. मुलांच्या परीक्षा, माझा रक्तदाब, वहिनीचे माहेर, सगळे क्रमाने. मूळ रूप खरे की साठ वर्षे डोळ्यांनी पाहिलेले रूप खरे, हा वाद मी तिच्याशी घालू शकले असते. घातला नाही. पुढच्या वर्षी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "चल, जाऊ. आता एकदा ओळख झालीये." आता देव्हाऱ्यात जुनी आणि नवी अशा दोन तसबिरी आहेत आणि दोघींना हळदकुंकू वेगवेगळे लागते. नव्या तसबिरीकडे ती अजून फार मोठी मागणी करत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

रोखठोक

हे आवडले. कसलीही टिप्पणी नाही.

निवृत्त बाई

मी एरवी लिहीत नाही, फक्त वाचते. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे ओळी दोनदा वाचण्याची खोड लागली आहे. तिवंध्याची लेक, बाळ, तू पहिल्या मजकुरात दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या आहेस. तू त्या एकत्र ठेवून पाहिल्या आहेस की नाही, हे मला कळत नाही. वय वर्षे दोन, आणि मुठीएवढे बोळके.

चूक असेल तर या म्हातारीला माफ कर. आईला विचारायची घाई करू नकोस, पण फार उशीरही करू नकोस. आमच्या पिढीतल्या बायांना कुणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असेच बहुतेक वेळा असते.

तिवंध्याची लेक

बाई, आपला प्रतिसाद वाचला तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद करून तशीच बसून राहिले. मला आता काही लिहवत नाही. नंतर येते.

चौक मंडईतली

सावकाश या. आम्ही आहोत.

अर्धा नाशिककर

ताई, काळजी घ्या. उत्तर दिले नाही तरी चालेल.

तिवंध्याची लेक

तीन आठवडे झाले. आपणांपैकी काहींनी निरोप पाठवून चौकशी केली, म्हणून लिहिते.

यंदा आखाजीची मडकी आणायला मी आईबरोबर गेले. तिला रिक्षात बसवून ठेवले आणि कुंभाराकडे एकटीच उतरले. दोन करे आणि एक केळी मागितली, कारण आता बाबांचाही करा आणायचा होता, आणि त्याच्या मागे ठेवलेल्या बोळक्याकडे बोट दाखवून हसत म्हटले, "हे वरचं ना?" तो मला ओळखत नव्हता, पण रिक्षात बसलेल्या आईला त्याने ओळखले. म्हणाला, "वर कोण देतं, ताई? माझ्या वडिलांपासून आजी पैसे देऊनच नेतात. आधी हेच निवडतात, मोठी मडकी नंतर बघतात. तडा आहे का म्हणून कानाशी धरून वाजवतात." मग त्याने ते बोळके माझ्या हातात दिले. मीही ते कानाशी धरले आणि टिचकी मारून पाहिली.

घरी पाट मांडून झाल्यावर मी काहीही विचारले नाही. फोनमधले छायाचित्र काढून आईसमोर धरले आणि एवढेच म्हणाले की बाबांचे अक्षर बघ. तिने चष्मा शोधला, ओळ सावकाश वाचली आणि शेवटच्या शब्दाशी थांबली. "नाव घातलं होतं होय ह्यांनी," ती म्हणाली. "मला बोलले नाहीत." गोवर आला होता, त्या वर्षीची दिवाळी व्हायची होती, आणि बाबांनी नंतर घरात ते नाव उच्चारू दिले नाही, एवढे तिने करा-केळीवर खरबूज ठेवता ठेवता सांगितले. आवाज नेहमीचाच होता. अर्ध्यात थांबून मला 'पाण्यात घालायचा वाळा कुठे ठेवलास' असेही विचारले.

मग तिने फोन हातात घेतला. तिला त्या शब्दावर बोट ठेवायचे होते, पण बोट लागले की चित्र सरकून जाई आणि भावाच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक समोर येई. मी चित्र परत आणायचे, तिने बोट ठेवायचे आणि ते पुन्हा सरकायचे, असे चार-पाच वेळा झाले. शेवटी मी तशीच उठून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि ते पान कागदावर काढून आणले. तो कागद तिने घडी न घालता गुरुचरित्राच्या पोथीत ठेवला आहे. जेवणे झाल्यावर तिने तो एकदा काढला, बाबांची ती शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने गिरवली आणि पुन्हा आत ठेवला.